पत्रा गेला, माती ओली

१

शनिवारी सकाळी हाज ताहरनं मशिदीशेजारच्या खोलीतली पेटी उघडली आणि अशी बोंब मारली, की माझी शेळी दावं तोडून पळाली. ती अजून सापडलेली नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दुपारीच सापडली. पण पेटीतला पत्रा काही सापडेना.

सहारा वाळवंटातल्या आमच्या तिनौरात पाणी वरून पडत नाही, खालून चालत येतं. पठारापासून बागांपर्यंत जमिनीखाली बोगदा आहे, फोगारा म्हणतो आम्ही. त्यावर दीडशे विहिरींची रांग, आत उतरून गाळ काढायला. बोगदा संपतो तिथे दगडाची फणी आहे, तिच्या दातांमधून ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बागेत जातं. आणि पाणी किती ते ठरवतो तो पत्रा. हातभर लांब, तांब्याचा, लहानमोठ्या भोकांचा. पाण्यात आडवा धरायचा, ओल्या मातीनं भोकं बुजवत जायचं, पाणी काठोकाठ येऊन थांबलं की उघडी राहिलेली भोकं मोजायची. असा पत्रा दुकानात मिळत नाही. शेजारच्या गावाचा आणून चालत नाही, त्यांची भोकं त्यांच्या मापाची.

रविवारी राजधानीहून समिती येणार होती. वारसा जतन करायला सरकार अनुदान देतं ना, त्याचा अर्ज आम्ही दीड वर्षापूर्वी केला होता. समितीसमोर पाण्याचं माप घ्यायचं, सह्या करायच्या, मग अनुदान. पत्रा नाही तर माप नाही, माप नाही तर पुढच्या वर्षी या.

पुढच्या वर्षी. म्हणजे माझ्या नातवानं, बरकानं, अजून एक वर्ष दर जुम्म्याला त्या बिळात उतरायचं. चाळिसाव्या विहिरीपासून पन्नासाव्यापर्यंत बोगद्याचं छत ढासळतंय. तिथे दगडाची बांधणी हवी, ती अनुदानातून होणार होती. बावीस वर्षांपूर्वी आमचे हे तिथेच गाडले गेले. वर काढायला दोन दिवस लागले, आणि ज्यांच्या बागा त्या पाण्यावर हिरव्या होत्या ते दोन्ही दिवस सावलीत बसून हळहळत होते. तेव्हापासूनचा राग माझ्या पोटात आहे. तो मी नीट जपलाय, सरकारचं अनुदान न घेता.

मी पोचले तेव्हा खोलीत वीसेक माणसं एकमेकांच्या पायावर उभी होती.

"बुजमाचंच काम," हाज ताहर म्हणत होते. "त्याला फोगारा मेलेलाच हवाय."

"तुम्ही सगळे आधी बाहेर व्हा," मी म्हटलं. "चोर राहिला बाजूला, तुम्हीच जमीन तुडवून टाकलीत."

"यम्मा मसऊदा, हे बायकांचं काम नाही."

"बरोबर आहे. म्हणूनच अजून कुणी काही बघितलेलं नाही."

बाहेर गेले. कुरकुरत गेले, पण गेले. बरका तेवढा दाराशी थांबला, मला गुडघ्यातून उठवायला कुणीतरी लागतं.

पेटीला कुलूप कधीच नव्हतं. पत्रा गुंडाळायचं कापड नीट चौघडी करून ठेवलेलं. शेजारी दुसरं फडकं, त्यात भोकं बुजवायच्या मातीचा गोळा. मी त्याला बोट लावलं.

बोट आत गेलं. माती ओली होती.

२

आता यात काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे धुतलेलं कापड पिळेपर्यंत वाळतं. माझी सासू तर सांगायची, तिच्या लहानपणी एका उन्हाळ्यात लोकांचे शब्द तोंडातून निघताच वाळून खाली पडायचे आणि बायका ते संध्याकाळी झाडून काढायच्या. तर त्या मातीवर रोज पाणी शिंपडावं लागतं. एक दिवस चुकला तर दगड होतो. पेटी उघडली की आधी मातीला पाणी, मग पत्र्याला हात. मापाड्याकडे शिकायला राहिलेल्या पोराच्या हाताला हे पहिल्या आठवड्यात लागतं, चुकलं की कानफटात बसते.

आमचा मापाड्या बा हम्मू. ऐंशीचा म्हातारा, मंगळवारपासून तापानं अंथरुणाला खिळलेला. मी त्याच्या उशाशी जाऊन बसले.

"पत्रा शेवटचा कधी बघितलात?"

"मंगळवारी सकाळी. मातीला पाणी मारलं, पत्रा पुसला, घरी येऊन पडलो. मसऊदा, मी जिवंत असताना पत्रा जावा?"

"मरणार असाल तर सोमवारपर्यंत थांबा, उद्या काम आहे. मंगळवारनंतर मातीला पाणी कुणी मारलं?"

"कुणी नाही. वाळली असेल एव्हाना."

"झैनबनं?"

त्यांची बायको झैनब चुलीपाशी होती. "मी?" ती म्हणाली. "त्या पेटीला मी हात लावला तर हे तापातून उठून मला मारतील. साठ वर्षं या घरात आहे, पत्रा बघितला तो फक्त दुरून. सवत परवडली असती."

मी बरकाकडे वळले. बा हम्मूचे हात थरथरायला लागल्यापासून मापाच्या दिवशी माती मळून द्यायला तोच जातो.

"तू गेला होतास का रे?"

"सोमवारपासून मी तिकडे फिरकलोच नाही, नन्ना," तो म्हणाला. आणि झैनबच्या हातातून सरपण घेऊन चुलीत सारायला लागला. गुणाचा आहे. सव्वीस वर्षांचा झालाय, पण म्हाताऱ्या बाईला वाकू देत नाही.

म्हणजे मंगळवारनंतर, बहुतेक काल शुक्रवारी, कुणीतरी पेटी उघडली, आधी मातीला पाणी मारलं आणि मग पत्रा उचलला. चोरी करायला आलेला माणूस, पण हाताला वळण लागलेलं.

"बा हम्मू, तुमच्याकडे शिकायला कोण कोण होतं?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "माझा मुलगा होता, तो गेला. आणि एक वर्ष बुजमा होता. पाण्यात लबाडी करायचा, हाकलला मी त्याला."

बुजमा. हाज ताहर जे न बघता ओरडत होते तेच खरं निघावं, याचा मला त्या क्षणी सगळ्यात जास्त राग आला.

३

पण घाई करायची नाही. आधी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. या औषधाच्या डॉक्टर नाहीत, जुन्या वस्तूंच्या आहेत. नसीमा नाव, ओरान शहरच्या, महिनाभर गावात राहून आमच्या कुलपांचे, गाढवांचे आणि माझे फोटो काढत होत्या. त्यांना पत्रा हवा होता, संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवायला. त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

"माझी जीप तपासून झाली," त्या म्हणाल्या. रागानं कान लाल झाले होते. "हाजसाहेबांच्या भाच्यांनी माझे कपडेसुद्धा उलटेपालटे केले. मी तीन पत्रं लिहिली होती, यम्मा. सहीशिक्क्यासकट पत्रा मागितला होता. चोरायचा असता तर पत्रं लिहिली असती का?"

"हुशार चोर लिहितो." मी ओढणीच्या टोकात बांधलेला मातीचा गोळा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "हे काय आहे?"

त्यांनी तो वास घेऊन बघितला. "साबण? केस धुवायची माती?"

"बसा बाई, चहा प्या," मी म्हटलं. जिला ही माती कशाची ते माहीत नाही, ती चोरी करताना तिला पाणी कशाला पाजेल?

मग हाज ताहर. फोगाऱ्याच्या संस्थेचे अध्यक्ष, फणीतले चार दात एकट्या त्यांच्या घराण्याचे. गावात कुजबुज होती, की त्यांच्या बागेत हक्कापेक्षा जास्त पाणी जातं आणि नव्या मापानं ते उघड होईल. मी विचारलं तसं.

"तुझी जीभ फार चालते," ते म्हणाले. "सावकाश बोल, तुझी माणसं माझ्या आजोबांच्या बागेत राबायची."

"राबायची, म्हणून बाग होती. मातीला पाणी कधी शिंपडलंत, हाज?"

"कसली माती?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याला प्रश्न आधी कळलेला असतो. हाजनं जन्मात चिखलात बोट घातलेलं नाही. त्यांना पाणी फणीपासून पुढेच माहीत. लबाड असतील, हे काम त्यांचं नव्हे.

"समितीच्या साहेबांना फोन केला मी," ते म्हणाले. "साहेब म्हणाले, माप नाही तर सह्याही नाहीत. उद्या दुपारपर्यंत पत्रा आणा, नाहीतर फाइल बंद."

घरी आले. धान्याच्या खोलीत खजुराचं पोतं आहे, तीच माझी बैठक. विचार करायचा तो तिथेच. बरकानं चहा केला. अर्जाची एक प्रत आमच्याकडे होती, ती मी त्याला वाचायला सांगितली. मला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. माप थांबल्यानं कुणाचं भलं होतं ते मला बघायचं होतं.

बरकानं वाचलं. फोगाऱ्याची लांबी, विहिरींची संख्या, हक्कदार घराणी. मध्ये पानं चिकटली होती बहुतेक, त्यानं दोन एकदम उलटली. मग पुन्हा वाचत राहिला, बांधणीचे दगड, चुना, मजूर.

"यात बुजमाचं नाव आहे?"

"हक्कदारांत आहे. अर्धा वाटा."

"अर्धा वाटा आणि आख्खी बोअरवेल. फोगारा आटला की सगळं गाव बादली घेऊन त्याच्या दारात." मी उठले. "चल."

"नन्ना, राहू दे ना," बरका म्हणाला. "पुढच्या वर्षी करू अर्ज."

"पुढच्या वर्षी तू त्या छताखाली असशील. चल म्हटलं ना."

४

बुजमा त्याच्या बोअरवेलच्या शेडमध्ये होता. मी मुद्दाम रस्त्यानं मोठ्यानं बोलत गेले, त्यामुळे मागे पंचवीस-तीस माणसं जमली होती. मला ती हवी होती. रागाला श्रोते लागतात.

"पत्रा आण," मी म्हटलं.

"या, यम्मा. मला वाटलं, चहाला आलात."

"तुझा चहा बोअरच्या पाण्याचा, त्यात मीठ. तू बा हम्मूकडे वर्षभर होतास. पेटी उघडली की आधी मातीला पाणी, हे तुझ्या हाताला माहीत आहे. पत्रा चोरणारानं तेच केलं. बोल आता."

लोकांत गलका झाला. हाजचे भाचे पुढे सरसावले. बुजमा जागचा हलला नाही.

"गुरुवारी दुपारी माझी मोटर जळाली," तो म्हणाला. "मी ती घेऊन अद्रारला गेलो. काल दिवसभर मेकॅनिकच्या दुकानात बसलो होतो, रात्री बहिणीकडे झोपलो. आज नऊच्या बसनं आलो. तुमचाच सलाम ड्रायव्हर आहे, विचारा त्याला."

सलाम गर्दीतच होता. "खरंय," तो म्हणाला. "मोटर मांडीवर घेऊन बसला होता, नवरीसारखी. दोन तिकिटं लावायला हवी होती."

मी तिथे उभी राहिले. बाहत्तर वर्षांच्या बाईनं गाव गोळा करून शेण खाल्लं होतं.

"आणि ऐका," बुजमा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "त्या म्हाताऱ्यानं मला सगळ्या गावासमोर हाकललं होतं. मी पंधरा वर्षांचा होतो. मी पत्रा चोरला असता ना, तर त्या मातीला पाणी? तिचा दगड होऊन तडे गेलेले बघायला मला आवडलं असतं. पाणी मारणारा कोण असतो, यम्मा? ज्याला परत माप घ्यायचं असतं तो."

मी घरी परतले. बरका मागून येत होता.

ज्याला परत माप घ्यायचं असतं तो. म्हणजे चोराला पत्रा विकायचा नव्हता, फोगारा मारायचा नव्हता. मातीसुद्धा वाळू द्यायची नव्हती. त्याला नको होता फक्त एक दिवस. उद्याचा.

आणि उद्या माप तर होतंच. दुसरं काय होतं उद्या? सह्या.

मी अर्जाची प्रत ओढणीखाली घातली. बरका शेळीला चारा घालत होता.

"कुठे निघालीस, नन्ना?"

"डॉक्टरीणबाईंना खजूर देऊन येते," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. हातात खजूर नव्हते.

५

नसीमाबाईंनी पानं एकेक करून उलटली. पानं चिकटलेली नव्हती.

"हे काय आहे?" मी विचारलं. बरकानं वगळलेलं पान मी त्यावरच्या त्याच्या फोटोवरून ओळखलं. त्याच्या खाली बरकाच्या ओळखपत्राची छायाप्रत डकवलेली होती.

"परंपरेचा तरुण वारसदार," त्यांनी वाचलं. "अनुदानासाठी अट आहे ही. एका तरुणानं हमी द्यायची, की तो दहा वर्षं गाव सोडणार नाही, फोगाऱ्यात उतरून देखभाल करील आणि इतरांना शिकवील. समितीसमोर सही करायची. नाव, बरका. पुढे हाजसाहेबांनी लिहिलंय, हा युवक पाण्यातच जन्मला आहे, त्याच्या आजोबांनी एका दिवसात एकट्यानं सहा विहिरी साफ केल्या होत्या, या घराण्याला अंधाराची भीती माहीत नाही. आणि खाली, काम करणाऱ्याच्या जिवाला धोका, नाही."

मी ते पान उलटं करून ठेवलं.

सहा विहिरींची गोष्ट माझी होती. मीच सांगते ती, लग्नात, बारशाला, कुणी ऐकेल तिथे. आमच्या ह्यांनी फार तर दीड विहीर साफ केली असेल, आणि संध्याकाळी पाठ धरून रडले होते. ओळखपत्राची प्रतही मीच दिली होती. हाजचा माणूस आला, म्हणाला, अर्जाला एका तरुणाचं ओळखपत्र लागतं. मी गादीखालून काढून दिलं, वर त्याला ताकही पाजलं. पोराला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

घरी गेले. बरका धान्याच्या खोलीच्या दारात उभा होता.

"सरक," मी म्हटलं.

"नन्ना."

"सरक बाजूला."

खजुराचं पोतं मी दोन्ही हातांनी ओढलं. खाली माडाच्या काथ्यात गुंडाळलेला पत्रा होता. पुसून तेल लावलेला. दिवसभर मी त्याच्यावर बसून चोर शोधत होते.

"का रे?" मी म्हटलं.

"समिती गेली की परत ठेवणार होतो."

"ते मला माहीत आहे. माती सांगत होती. तू का, ते विचारतेय."

तो भिंतीला टेकून खाली बसला. एवढा थोराड मुलगा, पण गुडघे छातीशी घेऊन बसला.

"मला खाली श्वास येत नाही. दोन वर्षं झाली. चाळिसाव्या विहिरीच्या पुढे गेलो की छाती आवळते. गुरुवारी रात्री जेवण जात नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. रमजानच्या आधी. तू सहा विहिरींची गोष्ट सांगितलीस."

 मी वाकून पत्र्याला चिकटलेला काथ्या सोडवायला लागले.

"वर्गला शहरात एसी दुरुस्तीच्या कारखान्यात जागा मिळतेय," तो म्हणाला. "उद्या सही केली तर दहा वर्षं. आणि नाही म्हटलं तर सगळं गाव म्हणेल, बरकामुळे पाणी गेलं. म्हणून पत्रा काढला. पण गावाला पाणी हवंय, ते मला कळतं. बा हम्मूचं काम मला आवडतं, नन्ना. पत्रा आवडतो, माती आवडते. खाली जायचं तेवढं नको."

 त्याच्या मुस्काटात मारावी असं वाटलं, मग स्वतःच्या, मग हाजच्या. शेवटी क्रम उलटा ठेवायचं ठरवलं.

"पत्रा उचल," मी म्हटलं. "उद्या माप होणार."

६

रविवारी दहाला समिती आली. तीन साहेब, एक छत्री. बा हम्मूला खाटेवरून उचलून आणलं. मी पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"कुठे सापडला?" हाजनं विचारलं.

"माझ्या घरी. माझ्या बुडाखाली."

"तू चोरलास?"

"माझ्या घरानं चोरला. का ते माप झाल्यावर सांगते, आत्ता पाणी खोळंबलंय."

बरका पाण्यात उतरला, त्यानं पत्रा आडवा धरला. बा हम्मूची बोटं थरथरत होती, म्हणून म्हातारा बोलत गेला आणि बरका भोकं बुजवत गेला. पाणी काठाला येऊन थांबलं. बा हम्मूनं उघडी भोकं मोजली. एकतीस. माझ्या लग्नाच्या वर्षी सत्तर होती. एका साहेबानं तोंडातली चिंगमची गोळी बाहेर काढली आणि आकडा लिहून घेतला.

"म्हणजे बांधणी तातडीची आहे," तो म्हणाला. "ठीक. आता वारसदाराची सही."

हाजनं बरकाच्या खांद्यावर हात ठेवला. मी तो हात उचलून बाजूला केला.

"त्याला विचारलं होतंस?" आयुष्यात पहिल्यांदा मी हाज ताहरला एकेरीत बोलले.  "मीही विचारलं नव्हतं. आपण दोघांनी मिळून या पोराला दहा वर्षं जमिनीखाली लिहून दिलं. तू सावलीत बसून आणि मी गोष्टी सांगून. म्हणून त्यानं पत्रा लपवला. आता सगळ्यांसमोर विचारते. बरका, सही करायची आहे तुला?"

बरका पाण्यातच उभा होता. त्यानं चारी बाजूंना बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून.

"यम्मा," साहेब म्हणाला, "तुमच्या भावना समजतात. पण वारसदाराचा रकाना रिकामा असेल तर फाइल पुढे जात नाही."

"रिकामा का ठेवता? वारस तर इथेच उभे आहेत. बा हम्मू, हक्कदारांची नावं वाचा."

मापानंतर नावं वाचायचीच असतात. म्हाताऱ्यानं पाठ म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला मी साहेबांकडे बघून विचारलं, या घराण्यातून खाली कोण उतरणार ते लिहून घ्या.

पहिलं नाव हाजचं. हाज आपल्या चपलांकडे बघत राहिले. दुसऱ्या घराण्यातल्या एकाची कंबर धरली होती. तिसऱ्याच्या मुलाला दमा होता. पाचवा म्हणाला, आमच्यात कधी कुणी उतरलेलं नाही.

"आमच्यात कधी कुणी म्हाताराच झाला नाही," मी म्हटलं. "पुढे वाचा."

"अर्धा वाटा, बुजमा," बा हम्मू म्हणाला.

बुजमा मागे उभा होता, बोअरवेलच्या ग्रीसनं हात काळे. हाजचे भाचे हसले.

"माझं लिहा," तो म्हणाला. "हसू नका. माझ्या बोअरचं पाणीही दरवर्षी तीन मीटर खाली जातंय. फोगारा गेला की दोन वर्षांत मीही गेलो. पण एकटा उतरणार नाही. सगळे आळीपाळीनं, नाहीतर कुणीच नाही."

बा हम्मूनं मातीच्या गोळ्याचं फडकं त्याच्याकडे फेकलं. "धर," म्हणाला. "वाळू देऊ नकोस."

त्यानंतर नावं यायला लागली. आपखुशीनं नाही, शरमेनं. मला चालतं. साहेबानं रकान्यात एका नावाच्या जागी अकरा लिहिली आणि म्हणाला, नियमात असं काही नाही, पण वर पाठवून बघतो. धोक्यापुढचं "नाही" खोडून "आहे" करायला मात्र तो तयार होईना, विम्याची वेगळी कागदपत्रं लागतात म्हणाला. नसीमाबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः खोडलं. खाली आपली सहीही केली, डॉक्टर म्हणून.

त्याला आता आठ महिने झाले. सरकारकडून दोन पत्रं आली. एकात आमच्या अर्जाबद्दल आनंद व्यक्त केलाय, दुसऱ्यात तो अर्ज पुन्हा पाठवा म्हटलंय. आम्ही थांबलो नाही. दगड गाढवांवरून आणतो, पाळ्या लावून छत बांधतो.

बरका मापानंतरच्या मंगळवारीच बसनं वर्गल्याला गेला. मी त्याला सोडायला गेले नाही, रागावले होते. भाकरी मात्र तीन दिवसांची बांधून दिली.

आणि त्यानंतरच्या पहिल्या जुम्म्याला, नमाजानंतर, हक्कदारांच्या यादीतलं पहिलं नाव चाळिसाव्या विहिरीत उतरलं. अठ्ठावन्न वर्षांचे हाज ताहर, पोटाला दोर बांधून. दोर बुजमानं धरला होता, मी शेजारी बसले होते. अर्धा तास खालून खोकल्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मग दोर हलला. वर काढलं तेव्हा भुवयांपर्यंत चिखल, ओठ पांढरे. जमिनीवर पालथेच पडले.

तसेच पडून बोलले. "तुझा बरका हे दर आठवड्याला करायचा?"

"नऊ वर्षं."

त्यांनी कोपरावर उठून तोंडातला चिखल थुंकला. 

"पुढची पाळीही तुमच्याच घराची," मी म्हटलं. आता मी पुन्हा 'तुम्ही'वर आले, चिखलात पडलेल्या माणसाला एकेरी हाक मारायला मजा येत नाही. "चार दात आहेत, चार पाळ्या. मोठा मुलगा उतरेल ना?"

त्यांचा मोठा मुलगा तिथेच उभा होता. पांढराशुभ्र सदरा, हातात बापाच्या चपला. हाजनं त्याच्याकडे बघितलं, मग विहिरीच्या तोंडाकडे.

"नको," ते म्हणाले. "परत मीच उतरतो."

माझा राग गेला नाही. जाणारही नाही. पण त्यांच्या पाठीवरची माती मी झटकली. जरा जोरातच.